मेंढरांत वाढलेलं पिल्लू

माणदेशात अंधार पडला की मेंढक्यांचा वाडा माळावर एवढासा दिसतो. वाघर लावलेली असते, म्हणजे खुंट्यांना ताणलेलं जाळीचं कुंपण. तिच्या आत मेंढरं एकमेकांना रेलून बसलेली. घोड्यावरचं ओझं उतरवून ठेवलेलं, चूल विझत आलेली, घोंगड्या अंथरलेल्या. आणि वाघरीला लागून दोन-तीन कुत्री अंगाचं मुटकुळं करून पडलेली. म्हसवड-दहिवडीपासून आटपाडी आणि जतपर्यंत, सातारा-सांगलीच्या या सगळ्या कोरड्या पट्ट्यात हे दृश्य पिढ्यानपिढ्या आहे. या माळांवर लांडगा अजून आहे. तो वाऱ्याच्या उलट दिशेनं, आवाज न करता येतो. माणसाला चाहूल लागायच्या आधी ही कुत्री उठलेली असतात आणि अंधाराकडे तोंड करून उभी राहतात.

आता यातलं नवल पाहा. कुत्रा हा लांडग्याच्याच कुळातला आणि मेंढरू हे लांडग्याचं अन्न. वाघरीला टेकून पडलेल्या त्या कुत्र्यापासून हातभर अंतरावर कोकरू झोपलेलं असतं. मऊ, लहान आणि पळताही न येणारं. कुत्र्याच्या पोटात अर्धी भाकरी आणि थोडं ताक, एवढंच. तरी ते कोकराला तोंड लावत नाही. उलट त्याच्यासाठी आपल्याच कुळातल्या जनावराच्या अंगावर जातं. त्याला हे कुणी शिकवलं? वाड्यावर विचारलं तर प्रश्नच कळत नाही. शिकवायचं काय त्यात? कुत्रं इथंच जन्मलं, इथंच वाढलं.

हे उत्तर साधं वाटतं. पण कुत्र्याच्या वर्तनाबद्दल गेल्या शंभर वर्षांत जे काही कळलं, त्याचा गाभा त्यात आहे. कुत्र्याच्या 'वाईट सवयी' म्हणून आपण ज्यांना नावं ठेवतो, त्या फक्त कुत्र्याच्या डोक्यात नसतात. त्याचं रक्त, त्याचं बालपण, त्याचं दुखणंखुपणं, त्याची झोप, त्याची जागा आणि त्याच्या वाट्याला आलेलं काम या सगळ्यांतून मिळून ते वर्तन घडतं. यातला एकच धागा ओढून कुत्रं सुधारत नाही. सगळं कापड पाहावं लागतं.

आधी बालपणाचा धागा घेऊ. चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजाच्या प्रवासात 1833 मध्ये आजच्या उरुग्वेच्या कुरणांवर फिरत होता. तिथं मैलोन्‌मैल माणूस नाही आणि एखाद-दुसरं कुत्रं अख्खा कळप राखतंय, हे पाहून तो थक्क झाला. त्यानं चौकशी केली, तेव्हा कळलं की पिल्लू अगदी लहान असतानाच आईपासून वेगळं करतात. मेंढी धरून दिवसातून तीन-चार वेळा तिचं दूध त्याला पाजतात. मेंढरांच्या कोंडवाड्यातच लोकरीचं अंथरूण करून त्याला ठेवतात आणि दुसऱ्या कुत्र्यांत मिसळू देत नाहीत. मोठं झालं की ते कळप सोडून जातच नाही. डार्विननं आणखी एक मजेची गोष्ट टिपली आहे. हे कुत्रं रोज मांसाच्या तुकड्यासाठी घराकडे येतं, तेव्हा घरची कुत्री त्याला हुसकावून लावतात आणि ते शेपूट घालून पळतं. पण कळपापाशी पोचलं की तेच वळून उभं राहतं आणि भुंकायला लागतं. मग घरची कुत्री माघारी पळतात. कुत्रं तेच, पण दोन जागी त्याचे दोन स्वभाव! भित्रं की शूर, हे त्या कुत्र्यापुरतं ठरवताच येत नव्हतं. ते कुठं उभं आहे हे आधी विचारावं लागत होतं.

मेंढीच्या दुधात जादू नव्हती. जादू वयात होती. अमेरिकेत बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास केला आणि 1965 मध्ये तो ग्रंथरूपानं मांडला. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत एक खिडकी उघडी असते, हा त्यांचा मोठा निष्कर्ष. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास डोळे-कान कामाला लागलेले असतात, भीती मात्र अजून पुरती जागी झालेली नसते. त्या काळात जे समोर येईल ते 'आपलं' होतं. माणूस, मेंढरू, कोंबडी, घोडा, पोराचं रडणं, भांड्यांचा आवाज, सगळं. पुढे भीती चढत जाते, आणि मग जे नवं दिसेल ते आधी परकं ठरतं.

याच प्रयोगशाळेतला 1961 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो. उंच कुंपण घातलेल्या मोठ्या आवारात पिल्लं आईबरोबर वाढवली. खाणंपिणं मिळे, पण माणूस दिसत नसे. वेगवेगळ्या वयाची काही पिल्लं एकेका आठवड्यापुरती बाहेर काढून माणसांत ठेवली. पाचव्या ते नवव्या आठवड्यांच्या मधल्या पिल्लांनी माणसाला पटकन आपलंसं केलं. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती रानटी जनावरासारखी झाली. पुढे कितीही माया केली तरी ती जवळ येईनात. जात तीच, आवार तेच आणि अन्नही तेच. फरक होता तो फक्त काही आठवड्यांचा.

धनगराच्या वाड्यावर ही खिडकी कुणी मोजत नाही, पण ती नेमकी भरली जाते. पिल्लं कळपाच्या वासात डोळे उघडतात. वाडा हलला की ती कोकरांबरोबर, कोंबड्यांबरोबर घोड्याच्या पाठीवर बसून पुढच्या मुक्कामाला जातात. वाटेत गावं लागतात, डांबरी रस्ता लागतो, ट्रक जातात. खोड्या काढल्या तर मेंढी टक्कर देते, मोठं कुत्रं गुरगुरून जागा दाखवतं. उरुग्वेच्या त्या कुत्र्याला माणसाची पोरं भेटू देत नसत. इथं पोरं त्याच्याशीच खेळतात. म्हणून आपल्याकडचं हे कुत्रं मेंढरांचंही असतं आणि घरचंही. रेमंड कॉपिंजर या अमेरिकी संशोधकानं 1970 च्या दशकात इटली, युगोस्लाव्हिया आणि तुर्कस्तानातून अशी राखणदार कुत्री नेऊन अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना दिली आणि बरीच वर्षं त्यांच्या नोंदी ठेवल्या. चांगल्या राखणदाराच्या तीन गोष्टी त्यानं सांगितल्या : कळपाला इजा न करणं, कळपाला धरून राहणं आणि संकट आलं की मध्ये उभं राहणं. यातली एकही गोष्ट हुकूम देऊन शिकवलेली नसते.

आता साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या एखाद्या सोसायटीत आलेल्या पिल्लाचं काय होतं ते पाहू. पुष्कळदा ते महिन्याचं असतानाच आईपासून तोडून विकलेलं असतं, म्हणजे दात लावताना जोर किती द्यायचा हे भावंडांकडून शिकायच्या आधीच. मग लसी पूर्ण होईपर्यंत, चौथा महिना सरेपर्यंत, ते घराबाहेर काढत नाहीत. पार्व्होची भीती खरी आहे, त्या आजारानं पिल्लं पटापट दगावतात, म्हणून या काळजीला मी नावं ठेवत नाही. पण तेवढ्यात खिडकी बंद होते, आणि ज्या कुत्र्यानं कधी रिक्षा पाहिली नाही, छत्री उघडताना पाहिली नाही, काठी टेकत चालणारे आजोबा पाहिले नाहीत, ते पाचव्या महिन्यात या सगळ्यांवर भुंकत सुटतं. मार्ग आहे, आणि तो अवघड नाही. पहिली लस झाल्यावर आठवडाभरानं पिल्लाला कडेवर घेऊन निघावं. जमिनीवर सोडायचं नाही, अनोळखी कुत्र्यांजवळ न्यायचं नाही. एसटी स्टँडच्या बाहेर दहा मिनिटं उभं राहावं, मंडईच्या कोपऱ्यावर, शाळा सुटताना फाटकापाशी. काही करायचं नाही, फक्त पाहू द्यायचं. त्या दहा मिनिटांची भरपाई पुढे वर्षभराच्या मेहनतीनंही होईल याची खात्री नसते.

बालपणाइतकंच रक्तही बोलतं. आटपाडी, जत, माण या भागात राखणीच्या कुत्र्यांबरोबर आणखी एक कुत्रं दिसतं : उंच, सडसडीत, पोट पाठीला लागलेलं, लांब निमुळत्या तोंडाचं. लोक त्याला कारवान म्हणतात, कानाशेपटीला लांब केस असले तर पश्मी. सांगलीच्या आग्नेयेला, कर्नाटकाच्या हद्दीत मुधोळ आहे. तिथले संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री नावारूपाला आणली, म्हणून जगात ती मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जातात. 2005 मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होतं. पुढे लष्करानं मुधोळची पिल्लं मेरठला प्रशिक्षणासाठी नेली.

या कुत्र्याच्या डोळ्यांविषयी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. माणसाला साधारण 180 अंशांतलं दिसतं, कुत्र्याला सरासरी 240 अंशांच्या आसपास. पण गोष्ट इथं संपत नाही. सिडनी विद्यापीठातल्या पॉल मॅकग्रीव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवलं की कुत्र्याचं नाक जितकं लांब, तितक्या त्याच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी एका आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यात त्या मध्यभागी एका ठिपक्यात गोळा होतात, बऱ्याचशा माणसासारख्या. म्हणजे कारवानाचा डोळा क्षितिजासाठी घडलेला आहे. उघड्या माळावर डावीकडून उजवीकडे जे जे हलेल ते त्या पट्ट्यावर उमटतं. तुमच्या मांडीवर बसलेलं पग तुमचा चेहरा नीट पाहतं. तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या कारवानाला त्याच क्षणी रस्त्यापलीकडची मांजर दिसलेली असते.

लांडग्याच्या शिकारीचे टप्पे ठरलेले असतात : हेरणं, नजर रोखून दबा धरणं, पाठलाग, पकड, मारणं, फाडणं. कॉपिंजरनं मांडलं की माणसानं हजारो पिढ्यांच्या निवडीतून या साखळीतले दुवे वेगवेगळ्या कुत्र्यांत कमीजास्त केले. स्कॉटलंडच्या सीमेवरच्या बॉर्डर कोलीत नजर आणि पाठलाग फुलवला, पकड दाबली. म्हणून ते मेंढरं नुसत्या डोळ्यांनी वळवतं. राखणीच्या कुत्र्यात ही साखळी जवळजवळ झोपलेलीच असते. त्याला पाठलागाची ओढ नसते, म्हणून तर ते कोकराशेजारी निवांत पडतं. कारवानात पाठलाग सगळ्यात तेज. हाक मारूनही कारवान परत येत नाही, म्हणून त्याला 'न ऐकणारं' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पाठलाग सुरू झाला की हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. अशा कुत्र्याला फ्लॅटच्या बाल्कनीत साखळीला ठेवलं की ते दार ओरबाडतं, चपला फाडतं, स्वतःचीच शेपूट धरायला गोल फिरतं. त्या पायांना धाव हवी असते. कुंपण असलेल्या रिकाम्या शेतात, दोरीच्या टोकाला चिंधी बांधून ती ओढत पळवली आणि कुत्र्याला चार दौडी मारू दिल्या, तर घरातली निम्मी तक्रार तिथंच विरते. सशावर सोडणं मात्र कधीच नाही; 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि माळावर ससे आता उरलेत तरी किती.

डोळ्यांपेक्षा मोठं जग नाकात आहे. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या घरात. हुंगताना ते सेकंदाला पाचेक वेळा हवा ओढतं. आत गेलेल्या हवेचा एक भाग फुप्फुसाकडे जातो, दुसरा वेगळ्या वाटेनं मागच्या बाजूच्या वासाच्या दालनात. उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून बाहेर पडतो, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. आपण फिरायला नेतो आणि प्रत्येक खांबाशी "चल, चल" म्हणून ओढतो. शार्लोट ड्युरांतोन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2019 मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याला आधी शिकवायचं की या बाजूच्या वाटीत खाऊ असतो, त्या बाजूच्या वाटीत नसतो. मग वाटी मधोमध ठेवायची. आशावादी कुत्रं धावत जातं, निराश कुत्रं रेंगाळतं. काही कुत्र्यांना दोन आठवडे रोज वास घेऊन खाऊ शोधायचा खेळ दिला, काहींना मालकाच्या पायाला लागून चालायचा सराव. हुंगणारी कुत्री मधल्या वाटीकडे पहिल्यापेक्षा लवकर जाऊ लागली. पायाला लागून चालणाऱ्यांत फरक पडला नाही. कुत्र्याला मनासारखं हुंगू दिलं की त्याला जग बरं वाटू लागतं, हे इतक्या साध्या रीतीनं मोजता आलं!

याच मधल्या वाटीनं दुसरीही एक गोष्ट दाखवली, आणि ती आपल्याकडे घरोघर सांगायला हवी. पोर्तुगालमध्ये पोर्तो इथं आना कातारिना व्हिएरा द कास्त्रो यांच्या गटानं 92 कुत्र्यांचा अभ्यास केला. काही प्रशिक्षणवर्गांत खाऊ आणि शाबासकी देऊन शिकवत, काहींत पट्ट्याला हिसका, ओरडणं, धाक. धाकानं शिकणारी कुत्री वर्गात ओठ चाटत, जांभया देत, अंग चोरत. त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वर्गानंतर वाढलेलं आढळलं. आणि वर्गाबाहेर, अनोळखी खोलीत, मधल्या वाटीकडे ती उशिरा गेली. धाक वर्गापुरता राहिला नव्हता. कुत्र्याची साऱ्या जगाबद्दलची आशाच त्यानं कमी केली होती.

धाकाच्या बाजूनं नेहमी लांडग्यांचा दाखला देतात : टोळीत एक म्होरक्या असतो, तसं मालकानं म्होरक्या व्हायला हवं. ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 च्या अभ्यासातून आली. पण त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते, आणि कोंडलेली जनावरं भांडतात. डेव्हिड मेक यांनी 1970 मध्ये आपल्या पुस्तकात तीच कल्पना मांडली होती. पुढे त्यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समियर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ कित्येक उन्हाळे काढले आणि 1999 मध्ये स्वच्छ लिहिलं की रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. पोरं आईबापांच्या मागून जातात, कारण ते आईबाप आहेत. आपल्या माळावरचा लांडगाही असाच जोडीनं पिल्लं वाढवतो. ज्या लांडग्याच्या नावानं कुत्र्याला जमिनीवर उलटं पाडून दाबायला सांगतात, तो लांडगा तसं करत नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते शरीराकडे. शांत कुत्रं अचानक चावलं, की लोक म्हणतात डोकं फिरलं. डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये लिहिलं की वर्तनाच्या तक्रारींसाठी त्यांच्याकडे येणाऱ्या कुत्र्यांपैकी किमान एक तृतीयांशांत कुठलं ना कुठलं दुखणं सापडतं, कधी त्याहून कितीतरी जास्त. कान आतून सडलेला असतो, दाढ हलत असते, मागचे सांधे झिजलेले असतात. आपल्या उष्ण हवेत गोचिडाचा ताप फार : रक्तातल्या प्लेटलेट घसरतात, अंग मोडून येतं, आणि अशा वेळी घरातलं पोर अंगावर पडलं तर गुरगुरणं हे डोकं फिरल्याचं लक्षण नव्हे. मिल्स यांच्याच सहभागानं 2018 मध्ये झालेला एक अभ्यास फटाक्यांसारख्या आवाजाला भिणाऱ्या कुत्र्यांचा होता. ज्यांना सांधे-स्नायूंचं दुखणं होतं, त्यांची आवाजाची भीती इतरांपेक्षा सरासरी जवळजवळ चार वर्षं उशिरा सुरू झाली होती. दचकलं की स्नायू आवळतात, दुखऱ्या जागी कळ येते, आणि आवाज म्हणजे कळ अशी गाठ बसते. गणपतीच्या मिरवणुकीला कधी न डगमगलेलं तुमचं सहा वर्षांचं कुत्रं यंदाच्या दिवाळीत पलंगाखाली शिरून थरथरत असेल, तर आधी त्याची कंबर तपासून घ्या. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्याच्या गावी पशुवैद्य आहेत. प्रशिक्षकाच्या आधी त्यांच्याकडे जावं, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

गुरगुरण्याबद्दलही थोडं सांगायला हवं. साताऱ्याजवळ, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघ चालून आला तेव्हा खंड्यानं भुंकून महाराजांना सावध केलं, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, अशी आख्यायिका सांगतात. त्या कुत्र्याचा गौरव झाला तो भुंकण्यासाठी. कुत्र्याचं भुंकणं, गुरगुरणं, ओठ वर करणं ही त्याची सूचना असते : इथून पुढे येऊ नका, मला भीती वाटतेय. त्या सूचनेलाच फटका दिला की कुत्रं सूचना द्यायचं सोडतं. भीती मात्र आत तशीच राहते. मग एके दिवशी ते न गुरगुरता चावतं, आणि सगळे म्हणतात, काही कारणच नव्हतं.

आता रोजचं एक उदाहरण घेऊ. सांगलीतलं एखादं घर. पहाटे मोटारसायकलला किटल्या लावून दूधवाला येतो. फाटकाशी बांधलेलं कुत्रं जीव खाऊन भुंकतं. दूधवाला पातेल्यात दूध ओततो आणि निघून जातो. कुत्र्याच्या हिशेबी काय घडलं? आपण भुंकलो आणि तो पळाला. रोज सकाळी त्याचा विजय होतो, आणि रोज विजय होणारी गोष्ट कोण सोडेल? मालक बाहेर येऊन साखळी हिसडतो, ओरडतो. त्यामुळे दूधवाला आला की गळ्याला कळ लागते, ही नवी गाठ बसते. तो आणखी नकोसा होतो.

इथं एकच युक्ती पुरत नाही, म्हणून तर सगळीकडून हात घालावा लागतो. आधी कान, दात, सांधे तपासून घेतले. मग त्याची बांधायची जागा फाटकावरून काढून घराच्या मागच्या अंगाला नेली, कारण रोज होणारा तो सराव थांबल्याशिवाय नवं काही रुजत नाही. रात्री फाटकाशी त्याला झोपच लागत नव्हती, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक चपलेला ते उठत होतं. मागे ते गाढ झोपू लागलं. दूधवाल्याच्या आधी त्याला मनसोक्त हुंगू देत एक चक्कर झाली. आणि त्यानंतर खरं काम. गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला, कान टवकारले, पण अजून भुंकणं सुरू झालेलं नाही, त्या नेमक्या अंतरावर उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आवाज थांबला की तुकडेही थांबले. रशियात पावलॉव्हच्या कुत्र्यांनी दाखवलेला नियम इथं अक्षरशः लागू होतो : आधी खूण, मग अन्न. तुकडा आधी दाखवला आणि गाडी मागून आली, तर उलटंच शिकलं जातं, अंडं दिसलं की आता काहीतरी वाईट येणार. भुंकणं सुरू झालंच तर कुत्रं हट्टी आहे असं नव्हे. आपण फार जवळ आलो होतो, उद्या दोन पावलं मागून सुरुवात करायची. काही आठवड्यांनी गाडी वाजली की कुत्रं फाटकाकडे न पाहता तुमच्या तोंडाकडे पाहतं. त्याच्या मनातला दूधवाला बदललेला असतो. भुंकणं बंद करायला कुणी सांगितलेलंच नसतं.

खिडकी बंद झालेल्या, मोठ्या वयाच्या कुत्र्याचं काय, असं विचारणारे पुष्कळ असतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात, त्यांना कुठंही न नेता, त्यांच्याच गल्लीत. 2020 मध्ये त्यांनी असं दाखवलं की ज्यांना कुणी काहीही शिकवलेलं नाही अशी गल्लीतली मोठी कुत्रीही अनोळखी माणसाच्या बोटाचा इशारा समजतात. दोन झाकलेली भांडी ठेवून एकाकडे बोट दाखवलं. सुमारे निम्मी कुत्री घाबरून पुढेच आली नाहीत. आली त्यांतली सुमारे 80 टक्के दाखवलेल्या भांड्याकडे गेली. ज्यांना माणसांचे वाईट अनुभव जास्त, तीच दूर राहत असावीत, असं संशोधकांना वाटलं. पाळीव जाती नाहीत, वर्ग नाहीत, पट्टे नाहीत, तरी माणसाचा हात वाचण्याची समज त्यांच्यात आहे.

त्याआधी, 2017 मध्ये, याच गटानं आणखी एक गोष्ट तपासली होती. अनोळखी माणूस गल्लीतल्या कुत्र्यांकडे पुन्हा पुन्हा गेला. काही कुत्र्यांना त्यानं दर वेळी जास्तीचा खाऊ दिला, काहींना डोक्यावरून हात फिरवला. काही दिवस सरल्यावर त्या माणसाकडे अधिक विश्वासानं, अधिक पटकन कोण येतं ते पाहिलं. जिंकली ती हात फिरवलेली कुत्री. ती सगळी मोठी होती, उकिरड्यावर जगणारी होती, त्यातल्या काहींनी दगड खाल्ले असतील, आणि समोरचा माणूस त्यांचा कुणीच लागत नव्हता.